वर मनोरा, खाली काच



आपल्या या अंकात लागणीच्या, खताच्या, खोडव्याच्या आणि पाचटाच्या गोष्टी आपण नेहमी वाचतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तो आपल्या बांधाला लागूनच आहे. रस्त्याच्या साइडपट्टीखालून, कित्येकांच्या शेताला खेटून, एक काचेची तार गेलेली आहे. ती दिसत नाही म्हणून आपण तिला हिशेबात धरत नाही. मीही धरत नव्हतो. गेल्या हंगामात ती माझ्या चरात तुटली. त्यातून काय निष्पन्न झाले ते चार सभासदांना कळावे, म्हणून हे लिहायला बसलो. चूक माझी होती हे आधीच कबूल करतो. म्हणजे 'हा आम्हाला शहाणपण शिकवतोय' असे कुणाला वाटायला नको.

घडले ते असे

विहिरीचे पाणी रस्त्यापलीकडच्या दीड एकरावर न्यायचे होते. रस्त्याच्या कडेने चर काढून पाइप टाकायचा, एवढेच काम. रस्त्याच्या हद्दीत खोदायचे तर परवानगी लागते हे मला ठाऊक होते. पण 'दोन तासांच्या कामाला हेलपाटे कोण घालणार?' असे म्हणून ती काढली नाही. भाड्याचा जेसीबी बोलावला.

सकाळी दहाच्या सुमारास बकेटला काळी नळी लागली. ऑपरेटर म्हणाला, "अण्णा, काहीतरी नळी हाय बगा."

मी वाकून पाहिले. दीड इंची प्लॅस्टिकची नळी. म्हटले, "जुन्या पाणीयोजनेची आसंल. ओढ."

त्याने ओढली. नळी ताणली, मग तुटली, आणि आतून शिवणाच्या दोऱ्यासारखे रंगीत धागे बाहेर आले. तेव्हाच मनात चर्र झाले. पण पाइप टाकून घेतला आणि वर माती ओढायला सांगितली. कुणी पाहिले नाही, असे वाटले.

अर्ध्या तासात गावातले फोन मुके झाले. गावाबाहेरच्या माळावर मनोरा उभा आहे, त्यावर दोन कंपन्यांची यंत्रे आहेत. मनोऱ्याला वीज होती, वरचा लाल दिवाही लागत होता. पण फोन कुणाचाच लागेना. दुपारी चिटबॉय सायकल हाणत आला. "अण्णा, गाडीची नोंद मोबाइलवरनं जातच न्हाई. गाड्या भरून उभ्या हायत." तोडलेला ऊस उन्हात उभा राहिला की वजन घटते आणि उताराही घसरतो, हे सभासदाला सांगायला नको. अखेर जुन्या पद्धतीने कागदावर चिठ्ठ्या लिहून गाड्या सोडल्या. बँकेत 'लिंक नाही', रेशन दुकानात अंगठा लागत नाही. जो तो मनोऱ्याकडे बघून कंपनीला शिव्या देत होता, आणि मी गप्प बसून ऐकत होतो.

संध्याकाळी गोष्ट वेगळीच झाली. मराठवाड्यातून आलेली ऊसतोड टोळी ओढ्याकाठी उतरली होती. तिथल्या एका कोपीत एका बाईला कळा सुरू झाल्या, दिवसांच्या आधीच. मुकादम १०८ लावतोय, लागत नाही. दुसऱ्याचा फोन घेतला, तोही मुका. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉली सोडून नुसता ट्रॅक्टर पळवला आणि कारखान्याच्या गेटावरून फोन केला. अँब्युलन्स यायला जवळजवळ तास जास्त लागला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, म्हणून आज हे लिहू शकतो. त्या तासाभरात मी ओढ्याकाठी उभा होतो. तो तास माझ्या चराने खाल्ला होता, आणि हे तिथे फक्त मला माहीत होते.

माती ओढली तरी लपत नाही

रात्री नऊला दुरुस्तीवाल्यांची गाडी आली ती नीट माझ्याच चरापाशी थांबली. पंचविशीतला एक पोरगा उतरला. मी विचारले, "बाळा, इथंच तुटलंय हे कसं कळलं?"

तो म्हणाला, "काका, यंत्रानं सांगितलं. तारेच्या एका टोकातनं प्रकाशाचा ठोका सोडतो. जिथं तुटलंय तिथनं थोडा प्रकाश माघारी फिरतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरनं अंतर निघतं, पार दहा-वीस मीटरपर्यंत."

मग मी सगळे सांगून टाकले. त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, "काका, बॅटरी धरा." पहाटेपर्यंत मी बॅटरी धरून बसलो, आणि त्या रात्री जे शिकलो ते इथे मांडतो.

मनोरा म्हणजे बारे, तार म्हणजे पाट

मोबाइलचा आवाज हवेतून थेट मुंबई-पुण्याला जातो असा आपला समज असतो. तसे नसते. आपल्या हातातला फोन रेडिओलहरींनी बोलतो तो फक्त जवळच्या मनोऱ्याशी, काही किलोमीटरच्या आत. मनोऱ्यापासून पुढचा सगळा प्रवास बहुतेक ठिकाणी जमिनीखालच्या काचेच्या तारेतून होतो. काही मनोऱ्यांवर ढोलकीसारखी गोल तबकडी दिसते. ती समोरच्या दुसऱ्या तबकडीशी सूक्ष्मलहरींनी बोलते. पण दोघींच्या मध्ये डोंगर किंवा इमारत येऊन चालत नाही, आणि तिची वाहण्याची ताकदही तारेच्या मानाने फार थोडी.

कॅनॉलवरच्या सभासदाला हे एका वाक्यात कळेल. मनोरा म्हणजे शेतावरचे बारे. पाणी बाऱ्यातून येताना दिसते, म्हणून ते बाऱ्यातच उगवते असे नाही. मागे चारी आहे, चारीमागे पाट आहे, पाटामागे धरण. पाट फुटला तर बारे कितीही पक्के बांधलेले असो, सरीत थेंब येणार नाही. आमच्या मनोऱ्याचे तेच झाले. एकाच मनोऱ्यावर दोन कंपन्या होत्या खऱ्या, पण दोघींचा पाट एकच होता.

काचेतून आवाज कसा जातो?

या तारेत तांबे नसते, वीजही नसते. असते ती अतिशुद्ध काच. एका धाग्याची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्याही आत, मधोमध, सुमारे ९ मायक्रॉनचा गाभा असतो आणि प्रकाश त्या गाभ्यातून धावतो. गाभ्याच्या भोवतीची काच थोडी निराळी बनवलेली असते. त्यामुळे प्रकाश कडेला आपटला की बाहेर न जाता आत परततो. आपले बोलणे, फोटो, सातबारा, बँकेचा आकडा या सगळ्याचे रूपांतर प्रकाशाच्या उघडझापीत होते. ही उघडझाप सेकंदाला अब्जावधी वेळा होते आणि काचेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने पळते.

याच्या मुळाशी एक आपला माणूस आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासोबत काचेच्या धाग्यांच्या जुडीतून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. पण लांबच्या निरोपासाठी तेव्हाची काच फार गढूळ होती. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी हिशेब मांडला, की किलोमीटरभर गेल्यावर प्रकाशाचा शंभरातला एक भाग जरी उरला तरी काम भागेल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तशी काच करून दाखवली. काओ यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजची काच इतकी स्वच्छ आहे, की पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. आपल्या विहिरीचे पाणी एवढे नितळ असते, तर तळाचा खडा मोजता आला असता!

जोडणे म्हणजे गाठ मारणे नव्हे

तुटलेली विजेची तार पिळा घालून जोडता येते. काचेला ते चालत नाही. त्या पोराने एकेक धागा घेतला, त्यावरचे रंगीत वेष्टन सोलले, स्पिरिटने पुसला, टोक सरळ कापले. मग दोन्ही टोके एका छोट्या यंत्रात समोरासमोर धरली. यंत्राने विजेची ठिणगी पाडून ती वितळवून सांधली. निळ्याला निळा, नारिंगीला नारिंगी, हिरव्याला हिरवा. असे २४ धागे. पण जेसीबीने नळी ओढल्यामुळे तार दोन्ही बाजूंनी ताणली गेली होती. म्हणून मध्ये नवा तुकडा घालावा लागला आणि सांधे दोन ठिकाणी आले. चोवीस दुणे अठ्ठेचाळीस. धुळीचा कण मध्ये आला की सांधा परत करायचा. मी वर आणखी माती ओढून ठेवली होती, ती उकरण्यातच दोन तास गेले.

पोरगा म्हणाला, "काका, नुसती कापली असती न् लगेच कळवलं असतं, तर संध्याकाळच्या आत झालं असतं."

संध्याकाळच्या आत! मला ओढ्याकाठची ती कोपी आठवली.

पूर्वीची आठवण

आपल्यापैकी वयस्कर मंडळींना ट्रंक कॉलचे दिवस आठवतील. कारखान्याच्या ऑफिसातला एक काळा फोन, नंबर बुक करून तासन् तास वाट पाहणे, आणि लागला की अख्ख्या ऑफिसने गप्प बसणे. सुखदुःखाची तातडीची खबर तारेने यायची. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली.

या क्षेत्रात आपला मुलूख मागे नव्हता. परदेशाशी उपग्रहामार्फत संपर्क साधणारे केंद्र १९७१ साली जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे सुरू झाले. त्याला पुढे विक्रम साराभाई यांचे नाव दिले गेले. देशातली टेलिफोनसाठीची काचेच्या तारेची पहिली जोडणी १९७९ मध्ये पुण्यात झाली. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली. तिने धूळ आणि उकाडा सोसणारे, वातानुकूलित खोली न लागणारे १२८ लाइनचे लहान ग्रामीण एक्सचेंज बनवले. त्यातले पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूरला बसले. मोबाइलवरचा देशातला पहिला कॉल ३१ जुलै १९९५ चा.

सहकारी साखर कारखानदारीचाही यात वाटा आहे. १९९८ साली वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत, संगणक बसवून ती एकमेकांना जोडण्याचा प्रकल्प झाला. उसाची नोंद, तोडीची तारीख, वजन, खताचा हिशेब हे गावातच मिळावे हा हेतू. पुढे २००६-०७ च्या सुमारास तिथल्याच सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशावर हीच माहिती देऊन पाहिली, आणि ते सभासदांना जास्त सोयीचे पडले. आज वजनाचा संदेश काट्यावरून गाडी हलण्याआधी आपल्या खिशात वाजतो, त्याची मुळे तिथपर्यंत जातात.

टेलचे गाव

ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिला 'भारतनेट' नाव मिळाले. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी तार तालुक्यापासून गावापर्यंत सरळ एका रेषेत गेली. रेषेचा तोटा टेलच्या शेतकऱ्याला विचारा! वर कुठेही फुटले की शेवटचा कोरडा. आमचे गाव त्या अर्थाने टेलचे. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली. तिच्यात रेषेऐवजी कडे करण्यावर भर आहे. कडे म्हणजे एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने उलटे फिरून बोलणे पोचते. पण कडे पुरे होईपर्यंत टेलच्या गावाला जी एक तार आहे ती सांभाळणे एवढेच आपल्या हाती आहे. आणि कडे झाले तरी दोन्हीकडे दोन अण्णांनी चर काढले तर ते काय कामाचे?

सभासदांनी काय ध्यानात घ्यावे

१. रस्त्याच्या हद्दीत खोदण्यापूर्वी परवानगी काढावी. त्या निमित्ताने खाली काय आहे याची चौकशी होते. रस्त्याकडेला तारेच्या खुणेचे दगड किंवा खांब असतात, ते उपटून बांधाला लावू नयेत. तो दगड म्हणजे खालच्या तारेची पाटी आहे.

२. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे मोबाइल अॅप सुरू केले आहे. खोदाईची जागा त्यावर कळवली की तिथे ज्यांची तार किंवा नळ आहे त्यांना सूचना जाते. खोदणाऱ्याने अशी आगाऊ सूचना द्यावी आणि नुकसान केल्यास भरपाई द्यावी, असे नियम आहेत. जेसीबी आपण भाड्याने आणला तरी जबाबदारी त्याच्यावर ढकलून चालत नाही.

३. ही तार साधारण १६५ सेंटिमीटर खोल असावी असा दंडक आहे. पण खडक लागला की ती वर येते, आणि रस्ता रुंद करताना किंवा साइडपट्टी छाटताना वरची माती जाते. म्हणून 'आपण चारच फूट खोदणार' या भरवशावर राहू नये. शंका असेल तिथे यंत्र थांबवून फावड्याने उकरावे.

४. नळी दिसली तर ओढू नये. तुटलीच तर माती लोटू नये, ताबडतोब ग्रामपंचायतीला आणि तार ज्यांची असेल त्यांना कळवावे. फोन बंद असेल तर माणूस पाठवावा. लपवल्याने दंड वाचत नाही, वेळ मात्र जातो.

५. तुटक्या टोकांना मुलांना हात लावू देऊ नये. काचेची कुसळे बोटात शिरली की दिसत नाहीत आणि निघत नाहीत. टोकात डोळा घालून पाहू नये. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. आणि यात तांबे नाही, त्यामुळे भंगारात याला कवडीचीही किंमत नाही.

६. काही गावांत हीच तार खांबांवरून गेलेली आहे. प्रमाणाबाहेर उंच भरलेली उसाची ट्रॉली तिच्यात अडकते आणि दोन-तीन खांबांवरची तार खाली येते. गाडी भरताना मजुरांना आणि चालकाला हे सांगून ठेवावे. पाचट तर पेटवूच नये, पण तारेच्या किंवा सांध्याच्या पेटीजवळ मुळीच नाही.

मनोऱ्याच्या भाड्याविषयी दोन शब्द

मनोऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. 'तुमच्या रानात टॉवर बसवतो, महिना एवढे भाडे, आधी नोंदणीचे पैसे भरा' असे फोन पुष्कळांना येतात. दूरसंचार खाते किंवा ट्राय ही नियामक संस्था अशा कामासाठी शेतकऱ्याकडून कसलीही फी घेत नाही आणि 'ना हरकत' दाखलाही देत नाही, असे त्यांनी वेळोवेळी जाहीर केले आहे. जागा पाहायला माणूस येण्याआधी जो पैसे मागतो, तो भाडे द्यायला आलेला नसतो. खरा करार असेल तर तो लेखी असतो. त्यातून जागेचा वापर दिला जातो, मालकी जात नाही. वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

शेवटी

दुरुस्तीचा खर्च मी भरला. तो आकडा लिहीत नाही, पण परवानगीच्या हेलपाट्यांपेक्षा तो कितीतरी महाग पडला. हंगाम संपून टोळी निघाली तेव्हा ती बाई कडेवर लेकरू घेऊन ट्रकमध्ये चढली. मी मुकादमाला सगळे सांगितले होते, त्याने तिलाही सांगितले असावे. ती एवढेच म्हणाली, "अण्णा, आता खांदताना बघून खांदा."

सभासद बंधूंनो, पाट फोडणाऱ्याला आपण गावात बरे म्हणत नाही. शेजाऱ्याची सरी कोरडी पडली की रात्री कंदील घेऊन आपण पाटावर धावतो. ही काचेची तारही आपल्या सर्वांचा पाटच आहे. ती कंपनीची असेल, सरकारची असेल, पण तिच्यातून जाणारी हाक आपल्या माणसाची आहे. येता हंगाम तोंडावर आहे, पाइपलाइनची कामे निघतील. यंत्र रानात उतरवण्याआधी तेवढी चौकशी करा, ही हात जोडून विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद